जिन्याचा मद्धिम

कान्होजी भापकरांना कुणी वायरमन म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. वायरमन म्हणजे सायकलीला शिडी बांधून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरोघर हिंडणारे. आपण दरबारच्या बिजलीखान्यातले. तीस वर्षं त्यांनी महालातले दिवे लावले, विझवले, कमीजास्त केले. महालातल्या नाटकघरात पडदा वर जाताना प्रेक्षकांवरचा उजेड हळूहळू उतरायचा, तो कान्होजींच्या हाताने उतरायचा. लोकांना रंगमंच दिसायचा, कान्होजी कुणाला दिसायचे नाहीत. याचाच त्यांना मोठा अभिमान होता.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, मध्यभारत आलं आणि बिजलीखाना आटला. माणसं इकडेतिकडे पांगली, सामान भंगारात निघालं. त्या ढिगातून कान्होजींनी साहेबांना विचारून एकच वस्तू घरी आणली. नाटकघरातला एक मद्धिम. चिनी मातीच्या नळकांडीवर तारेचे वेढे, वरून भोकं पाडलेली पत्र्याची पेटी आणि बाहेर काळी मूठ. मूठ फिरवली की वीज जास्त तारेतून वळसा घेत जायची आणि दिवा मंद व्हायचा. इंग्रजी नाव काय असेल ते असो, बिजलीखान्यात त्याला सगळे मद्धिमच म्हणत. गोरखी वाड्याजवळच्या भाड्याच्या घरात तो आठ वर्षं पलंगाखाली पडून होता, आणि झाडताना दर वेळी मंदाताईंच्या केरसुणीत अडकत होता.

मंदाताई म्हणजे कान्होजींची बायको. बोलायला कमी, पण बोलल्या तर नेमकं बोलणाऱ्या. छप्पनच्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला, पण उजेड सोसेना. दिव्याकडे नजर गेली की डोळ्यांत काचा टोचल्यासारखं व्हायचं आणि दोन-दोन तास डोकं धरून पडावं लागायचं.

घर लहान. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, मध्ये वळणाचा दगडी जिना. शिड्या चढून चढून कान्होजींचे गुडघे कामातून गेले होते, म्हणून ते खाली निजायचे. मंदाताई वर, हवेशीर. मुलगा जयसिंह सचिवालयात कारकून होता, लग्न अजून व्हायचं होतं. तो कधी वर, कधी खाली, जिथे पुस्तक मिटेल तिथे झोपायचा. जिन्याला खिडकी नव्हती, त्यामुळे तिथे भर दुपारीही दिवा लागायचा. हा दिवा होता वरच्या दाराशी, आणि त्याचा उजेड थेट मंदाताईंच्या अंथरुणावर यायचा. विझवावा तर जिन्यात काळोख. लावावा तर डोळ्यांना त्रास.

"मद्धिम लावतो," कान्होजी म्हणाले, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं.

जिन्याच्या दिव्याला दोन खटके होते, एक खाली, एक वर. खालून लावा, वर जाऊन विझवा. अशा दिव्याला मद्धिम जोडायचा तर तो एकाच टोकाला जोडावा लागतो. दोन्हीकडे जोडले तर एकाने मंद केलेला दिवा दुसऱ्याला कितीही मूठ फिरवून मोठा करता येत नाही. तेव्हा एका टोकाला मूठ आणि दुसऱ्या टोकाला नुसता खटका. वरच्या माणसाने खटका दाबावा आणि खालच्याने जेवढा ठेवला असेल तेवढा उजेड निमूटपणे घ्यावा, किंवा याच्या उलट. कुठलं टोक निवडायचं हे जोडणाऱ्याच्या हातात असतं.

"वर लावा ना," मंदाताई म्हणाल्या. "माझ्या हाताशी."

कान्होजी हसले. "अगं, ज्याच्यासाठी दिवा, त्याने मुठीला हात लावायचा नसतो. आमच्या बिजलीखान्याची ती रीत होती. सरकारांनी नुसती मान हलवायची, बाकीचं आम्ही बघायचं. तू आता राणीसरकार."

"मी कुठली सरकार? मला जिना उतरायचा असतो."

"तू वाटी वाजव. एकदा वाजवलीस तर कमी, दोनदा वाजवलीस तर जास्त. मी खाली बसलेलाच असतो."

मंदाताईंनी एकदा त्या पत्र्याच्या पेटीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. इतक्या वर्षांनी हा माणूस गुणगुणत काम करतोय हे त्यांना दिसत होतं. त्या उठून वाटी घेऊन आल्या.

मद्धिम खाली लागला, कान्होजींच्या पलंगाच्या उशाशी. वर कठड्याला सुतळीने एक पितळी वाटी आणि चमचा बांधला. आणि खरं सांगायचं तर दोन महिने ही व्यवस्था उत्तम चालली. वाटी एकदा वाजायची, कान्होजी मूठ फिरवायचे. दोनदा वाजली की उलटी फिरवायचे. संध्याकाळी मंदाताई पोथी वाचायला बसल्या की दोनदा, कपाळ दुखायला लागलं की एकदा. कधी कधी वाटी न वाजताच कान्होजी अंदाजाने उजेड उतरवायचे आणि वरून आवाज यायचा, "बस, एवढाच." लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. या नवराबायकोत एवढं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं. शेजारच्या सुमनताई थट्टेने म्हणायच्या, "भापकरांकडे देवळासारखी घंटा वाजते हो दिवसभर."

त्याच दिवसांत मध्यभारताचाही निकाल लागला. एक नोव्हेंबरपासून नवा मध्य प्रदेश आणि राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरातल्या कचेऱ्याच्या कचेऱ्या उठल्या. जयसिंहच्या नावाचाही हुकूम आला. लष्करातल्या घराघरात हेच बोलणं होतं, कोण चाललं, कोण राहिलं, तिकडे राहायला जागा मिळते का. जयसिंह म्हणत होता की आधी मी जातो, क्वार्टर मिळालं की तुम्हा दोघांना घेऊन जातो. कान्होजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

नवरात्रातली सातवी माळ होती. दुपारी मंदाताईंचं डोकं उठलं. वाटी एकदा वाजली, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. कान्होजींनी मूठ जवळजवळ शेवटापर्यंत फिरवली. दिवा नुसता लालसर तारेएवढा राहिला. वर शांत झालं. मंदाताईंना झोप लागली असावी.

जयसिंहची ट्रंक आणि वळकटी पुढे पाठवायची होती, म्हणून कान्होजी टांगा करून स्टेशनाकडे, पडावला निघाले. जाताना त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मूठ थोडी उलटी फिरवावी असं मनात आलंही होतं. पण उजेड वाढला तर तिची झोप मोडेल आणि आपण दिवेलागणीच्या आत परत येणारच आहोत, असा हिशेब करून ते बाहेर पडले.

स्टेशनाच्या मालधक्क्यावर ही गर्दी. कचेऱ्यांची कपाटं, टाइपरायटर, लाल कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या मिसलींचे गठ्ठे, सगळं भोपाळला चाललेलं. त्या गर्दीत बिजलीखान्यातला जुना सोबती दौलतसिंह भेटला. आठ वर्षांनी भेटलेला माणूस, त्याला चहा पाजल्याशिवाय कसं सोडायचं? चहा झाला, नाटकघराच्या आठवणी निघाल्या. कान्होजींनी घरच्या मद्धिमाची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली.

"मुठीला हात लावू देत नाही मी तिला," ते म्हणाले. "नुसती वाटी वाजवते. महाराणीचा थाट!"

"नशीबवान आहेत वहिनी," दौलतसिंह म्हणाला, आणि त्यांनी आणखी एकेक चहा मागवला.

परत येईपर्यंत अंधारून आलं होतं. घराचं दार सताड उघडं, आत लोक. जिन्याच्या पायथ्याशी जयसिंह बसला होता आणि त्याच्या मांडीवर मंदाताईंचं डोकं होतं. चष्मा फुटून बाजूला पडला होता. डोळे मिटलेले, श्वास घरघरत होता. वर दिवा पूर्ण जळत होता. इतक्या लख्ख उजेडात तो जिना कान्होजींनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. स्वयंपाकघरात घटापुढचा नंदादीप मात्र तेलावाचून विझला होता.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोक्याला आतून मार बसल्याचं सांगितलं. मंदाताईंनी डोळे उघडले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत त्या गेल्या.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जयसिंह एकच सांगत होता. "नंदादीपात तेल घालायला उतरत होती. पायरीवर ओल होती. पाय घसरला." कान्होजी भिंतीला टेकून ऐकायचे. पायरीवर ओल नव्हती. त्या जिन्यावर आठ दिवसांत पाण्याचा थेंब सांडला नव्हता. पण दुःखात माणूस काहीतरी कारण शोधतो, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. त्यांच्या स्वतःच्या मनातही एकच गोष्ट घट्ट धरलेली होती, की मी आलो तेव्हा दिवा पूर्ण होता. मी मूठ उतरवली होती खरी, पण दिवा तर पूर्ण होता. याच्यापुढे ते मनाला जाऊच देत नव्हते.

चौथ्या दिवशी सुमनताई बसायला आल्या. भोळी बाई. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "त्या संध्याकाळी वाटी वाजत होती हो. दोनदा वाजली, मग थांबून पुन्हा दोनदा. मग पुन्हा. बराच वेळ वाजवून राहिल्या होत्या. मला वाटलं, तुम्ही असाल घरात. मी आपली पोळ्या लाटत बसले."

दोनदा म्हणजे उजेड जास्त.

कान्होजींच्या मनात हिशेब जुळत गेला. मंदाने उजेड मागितला होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा मागितला होता. वरचा खटका तिने दाबून पाहिला असेल, पण खटका दाबून फार तर ती लाल तार विझली असती आणि पुन्हा लागली असती. मूठ खाली, आणि मुठीपाशी बसणारा पडावला चहा पीत होता. देवीचा दिवा विझेल म्हणून शेवटी ती अंधारातच उतरली. मग आपण आलो तेव्हा दिवा पूर्ण कसा होता? मूठ फिरवायला खाली कोण होतं? कचेरीतून सगळ्यांच्या आधी घरी आलेला जयसिंह होता. पोराला सगळं माहीत होतं. पायरीवरची ओल त्याने बापासाठी सांडली होती.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. अपराधापेक्षा पोराचं गप्प राहणं त्यांना जड जाऊ लागलं. जयसिंह चहा आणून द्यायचा, अंथरूण घालायचा, गुडघ्यांना तेल लावून द्यायचा, आणि नजरेला नजर देत नव्हता. हा मला सांभाळतोय की मनातून तोडतोय, हे कान्होजींना कळेना. बायको गेली होती. आता मुलगाही असाच गप्प राहून भोपाळला निघून जाईल आणि पुढे नुसती पत्रं येतील, ही भीती त्यांना लागून राहिली. विचारायला तोंड उघडावं तर ते म्हणजे स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. दिवसातून दहा वेळा शब्द ओठांपर्यंत यायचे आणि परत जायचे.

तेरावा झाला. दिवाळी तोंडावर आलेली. शेजारी फराळाचे वास, भापकरांकडे काही नाही. जयसिंहची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. दुपारी तो बाहेरून आला तेव्हा कान्होजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. फ्यूज काढून बाजूला ठेवलेला आणि हातात पेचकस. मद्धिमाच्या पेटीचे चारांतले तीन स्क्रू त्यांनी काढले होते. चौथा निघत नव्हता.

"आबा, रहने दो," जयसिंह म्हणाला. "मी काढतो. आणि ऐका, तुम्ही पण चला उद्या. क्वार्टर मिळेपर्यंत मित्राकडे सोय आहे. इथे एकटे काय करणार?"

"मी नाही येत."

"का?"

कान्होजींनी पेचकस खाली ठेवला. "तू मला किती दिवस असं सांभाळणार? जिन्यावर ओल नव्हती, जयसिंह. दिवा मी उतरवून गेलो होतो. ती वाटी वाजवत राहिली आणि मी पडावला दौलतसिंहबरोबर चहा पीत होतो. ती म्हणाली होती मूठ वर लावा, माझ्या हाताशी. मी थट्टा केली तिची. तुझी आई माझ्या हाताने गेली. तू आलास, पाहिलंस, आणि मूठ उलटी फिरवलीस, लोकांना कळू नये म्हणून. मला सगळं समजतं. तुला राग असेल तर बोल, शिव्या दे, पण असा गप्प राहून जाऊ नकोस."

जयसिंह बापाच्या बाजूने चढून दोन पायऱ्या वर बसला. 

"मी गप्प आहे ते रागाने नाही," तो म्हणाला. "आईने शपथ घातली होती."

"आईने? ती तर बेशुद्ध होती."

"तुम्ही आलात तेव्हा होती. मी आलो तेव्हा नव्हती. तिथे, वळणावर पडलेली होती. जिन्यात काही दिसून नाही राहिलं. मी उचलायला गेलो तर म्हणाली, आधी दिवा मोठा कर. मी म्हटलं, आई, डोळ्यांना लागेल तुझ्या. तर म्हणाली, माझ्यासाठी नको रे, मी मिटते डोळे. ते येतील आता. मंद दिवा पाहिला तर जन्मभर स्वतःला खात बसतील. पूर्ण कर, आणि त्यांना काही सांगू नकोस."

कान्होजींनी मान वळवून जिन्याच्या वळणाकडे पाहिलं.

"मी मूठ फिरवली," जयसिंह म्हणाला. "झाला का पूर्ण, असं तिने विचारलं. डोळे मिटलेलेच होते. मी म्हटलं, हो आई, झाला. मग तिची शुद्ध गेली, आणि मी तिला उचलून खाली आणलं."

कान्होजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि ते मोठ्याने रडले. मंदा गेल्यापासून ते असे रडले नव्हते. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही. तीस वर्षं ते दुसऱ्यांच्या मनासारखा उजेड करत आले होते. मंदाने उजेड मागितला तेव्हा ते घरी नव्हते, आणि शेवटी तिने जो उजेड करवून घेतला तो तिच्या डोळ्यांना सोसणारा नव्हता. तो त्यांच्यासाठी होता. या गोष्टीची माफी आता कुणाकडे मागणार?

भिंतीपलीकडून सुमनताईंनी हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून. जयसिंहने काही नाही असं सांगितलं, आणि दोन पायऱ्या उतरून तो बापाला लागून बसला.